आत्याबाईंसाठी घेतलेला वास

लग्न होऊन मी बिरसीहून गोंदियाला आले, त्याच्या आदल्या वर्षी सासूबाईंना मोठा ताप येऊन गेला होता. त्या तापातून उठल्या, पण नाकाला वास येईनासा झाला. चुलीवर दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. मुळात त्या कमी बोलायच्या. आता तर जेवतानाही पानाकडे परक्यासारख्या बघत. मी त्यांना आत्याबाई म्हणे, पण मला त्यांची भीती वाटे. कामापुरतं एखादं वाक्य, एवढंच आमचं बोलणं.

घरात लाखेचा व्यापार होता. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. जंगलातली लाख गोंदियाच्या स्टेशनावरून कलकत्त्याला जाई. एकदा आमचे हे मालाबरोबर गेले आणि येताना आईसाठी ऊदाचं अत्तर घेऊन आले. बोटाच्या पेराएवढी कुपी, आत काळपट मधासारखं दाट तेल. आसामकडच्या अगराच्या झाडाला आतून रोग लागला की त्याच्या गाभ्यात हा सुगंध धरतो, असं अत्तरवाल्याने यांना सांगितलं होतं. इतकं जड अत्तर तरी आईला जाणवेल, अशी यांना आशा होती.

सासूबाईंनी मनगटाला लावलं, नाकाशी धरलं आणि हात खाली घेतला.

"काई येत नाही," त्या म्हणाल्या.

आमचे हे उठून दुकानात निघून गेले.

दुपारी सगळीकडे सामसूम झाली. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि मनगट पुढे केलं.

"तू घेऊन पाह्य. कसा आहे, मले सांग."

काहीतरी गोड सांगावं असं मनात आलं, पण जीभ वळेना. "गोठ्यासारखा येऊन राहिला, आत्याबाई."

त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या येळच्या गोठ्यासारखा?"

मी पुन्हा वास घेतला. "संध्याकाळच्या. डासांसाठी धूर केला असंल, तसा. बैलाच्या गळ्यातल्या चामडी पट्ट्यासारखा बी थोडा."

त्यांनी डोळे मिटले. मी तांदूळ निवडू लागले. थोड्या वेळाने हात पुन्हा पुढे आला. गोठा विरून गेला होता. धूर होता, पण आता त्याला गोडी आली होती, कढईतला पाक काळा पडायच्या जरा आधी येते तशी. कौलांच्या फटीतून उन्हाच्या तिरिपी सारवलेल्या भुईवर उतरल्या होत्या, त्यांत धूळ तरंगत होती. वासाला कसलीच घाई नव्हती. तो माझ्या केसांत, पदरात, सुपातल्या तांदळात सावकाश भरत गेला आणि मी कुठे बसले आहे तेच विसरले. डोळ्यांवर गुंगी आली.

"मोहळ काढतेत नं, तसा आहे," मी म्हणाले. "खाली धूर अन् वर मध."

सासूबाईंनी डोळे उघडले आणि त्या सांगू लागल्या. त्यांचं माहेर चिचगडचं. लहानपणी त्या मोहळ काढताना झाडाखाली उभ्या राहत. वरून मधाचा थेंब पळसाच्या पानावर पडे, तो बोटाने चाटायचा. धुराने केस माखत. आई न्हायला बोलवी, तर या लपून बसत, केसांतला वास जाईल म्हणून. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. बोलता बोलता त्यांनी मनगट नाकाशी नेलं आणि खोल श्वास घेतला.

"आला का जी?" मी विचारलं.

"नाही. पण आठवला."

त्यांचं नाक पुढे कधीच सुधारलं नाही. कुपी मात्र आम्ही जपून पुरवली. पुढे पुढे तर भाताचं झाकण काढायच्या आधीही त्या मला वास सांगायला हाक मारू लागल्या. सासू-सुना एवढं काय बोलता, असं शेजारणी विचारत. त्या वेळी आम्ही बहुधा नव्या तांदळाच्या वाफेबद्दल बोलत असू.