फाटक्या कानाची गाय

पाली गावच्या बायडाबाईने भिंत रंगवली, की वाळल्यावर ती तिच्यावरून तळहात घासून बघायची. हाताला गेरू लागला तर अख्खी भिंत धुऊन पुन्हा रंगवायची. पाणी आणून आणून तिचा नवरा मुंजाजी मेटाकुटीला यायचा. "हिचं लगीन भिंतीशीच लावायला पाहिजे व्हतं," असं तो पारावर सांगायचा, पण हळू आवाजात.

बहात्तरच्या दुष्काळात मोहनरावांनी गावात दूध सोसायटी काढली आणि स्वतःच चेअरमन झाले. मुहूर्त असा साधला, की सगळं होतं, फक्त दूध नव्हतं. उद्घाटनाला मोठे साहेब येणार म्हणून सोसायटीच्या भिंतीवर गाय हवी होती. बायडाबाईने टेकडीवरचा गेरू आणून कुटला, फडक्यातून गाळला आणि मोहनरावांना निरोप धाडून बोलावून घेतलं.

"तांब्याभर दूध आना. दुधाबिगर गेरू भिंत धरत न्हाई."

"मावशी, दूध कुठून आनू? पान्यात कालवा की. साहेब घटकाभर तर बसनार."

"साहेब जाईल. गाय कुठं जाती?"

मोहनरावांनी विनवलं, मग डोळे वटारले. बाई हलेना. शेवटी त्यांच्याच घरचं सकाळचं दूध आलं. त्या दिवशी चेअरमनसाहेबांनी काळा चहा घेतला, आणि बायकोची, सत्यभामेची, बोलणी खाल्ली ती वेगळीच. देण्याआधी पिणारी गाय पालीने पहिल्यांदाच पाहिली.

बाईने काढली ती स्वतःच्या गोठ्यातली तांबडी. कपाळावर पांढऱ्या मातीचा टिळा, काजळीचे डोळे आणि तिच्यासारखाच डावा कान फाटका.

"सोसायटीची गाय फाटक्या कानाची कावून?" मोहनराव कळवळले.

"दूध कानातून काढता का?"

खऱ्या तांबडीचं दूध तेव्हा आटलेलं, बरगड्या लांबून मोजता यायच्या. भिंतीवर मात्र बाईने एकही दाखवली नाही. लाडक्या गाईसाठी तेवढं खोटं तिने हौसेने काढलं.

साहेब आले, हार घालून घेऊन गेले. पुढच्याच महिन्यात कडब्यावाचून तांबडी गोठ्यात बसली, ती उठलीच नाही. मागे राहिली तांबडीची लहानगी कालवड.

एके सकाळी ती दावं तोडून पळाली. शोधत शोधत बायडाबाई सोसायटीपाशी आली, तर तिथे माणसं हसत उभी. कालवड भिंतीला लागून चित्रातली कास चाटत होती.

"मावशी, गेला तुमचा गेरू!" मोहनरावांनी काळ्या चहाचा सूड उगवला.

बायडाबाईने कालवडीचं तोंड उघडून जीभ पाहिली. स्वच्छ होती. भिंतीवरची कासही जशीच्या तशी. माणसं वाहवा करू लागली. सवयीने तिने भिंतीवरून तळहात घासला, कोरा हात पाहिला आणि तिला रडू कोसळलं.

"मेला गेरू," ती म्हणाली, "आज तरी हिच्या तोंडात जरा सुटायचा व्हता."