नाणेघाटाचं नाणं कोण पाडणार?

शनिवारी सकाळी सात वाजता पुण्याहून नारायणगावची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत दोन वस्तू होत्या: झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा आणि परदेशातून कुरियरने आलेलं एक नमुन्याचं नाणं. दोन्हींचा खुलासा करायला हवा.

पुण्यात आमचं एक मंडळ आहे. त्याचे सभासद दगडाखाली, झाडाच्या ढोलीत, पडक्या बुरुजात डबे लपवतात आणि ते कुठे लपवले याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतात. मग दुसरे सभासद मोबाइल हातात धरून ते डबे शोधायला जातात. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचा उपयोग करून जेवणाचा डबा हुडकणं, असं या छंदाचं थोडक्यात वर्णन करता येईल. आमचे अध्यक्ष मात्र याला ‘भूगोलाची सेवा’ म्हणतात.

या खेळात नाणीही असतात. मंडळ आपलं खास नाणं पाडून घेतं, त्यावर क्रमांक असतो. ज्याला ते डब्यात सापडेल त्याने क्रमांक संकेतस्थळावर नोंदवायचा आणि नाणं पुढच्या डब्यात ठेवायचं. नियम एकच: ठेवून घ्यायचं नाही. नाणं फिरत राहिलं पाहिजे.

मंडळाने असं नाणं काढायचं ठरवलं, चित्र नाणेघाटातल्या दगडी रांजणाचं. जुन्या काळी घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा व्हायची, असं सांगतात. अध्यक्षांच्या पुतण्याने परदेशातली एक टाकसाळ शोधून नमुनाही मागवला. तो बैठकीत फिरला. वजनदार, चकचकीत, कडेला दोरीची नक्षी. फक्त आमच्या रांजणाला दोन बाजूंना धरायचे दोन कान फुटले होते. टाकसाळीला ‘दगडी रांजण’ असं कळवलं होतं, त्यांनी त्यांच्याकडचा रांजण काढला होता.

मी त्या बैठकीत एक वाक्य बोललो, “जिथे जकात गोळा व्हायची, तिथलं नाणं समुद्रापलीकडे पाडायचं?” बोलणाऱ्यालाच कामाला लावायचं, ही आमच्या मंडळाची पद्धत आहे. जुन्नर-आंबेगावात टाकसाळ सापडते का ते पाहा, नमुने आणा, मंगळवारी लेखी अहवाल द्या, असा ठराव झाला. नमुन्यांची परीक्षाही ठरली. सगळे एकाच डब्यात ठेवायचे, लोक कोणता उचलून पुढे नेतात ते पाहायचं.

नारायणगावला पहिला मुक्काम चषकांच्या दुकानात. दारापासून छतापर्यंत पितळी रंगाचे कप रचलेले. मालक गणेशभाऊ यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बैलगाडा शर्यतींच्या कमिट्या. मी ‘नाणं’ म्हणताच त्यांनी हात वर केला.

“नाणं म्हनू नका राव. पोलीस येतील. बिल्ला म्हना.”

“बरं, बिल्ला. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला नंबर.”

“व्हऊन जाईल. फोटो कुनाचा टाकायचा?”

“रांजणाचा.”

“रांजणाचा न्हाई वो, मानसाचा. शुभेच्छुक कोन? भावी कोन हाये?”

भावी कोणी नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. या भागात धातूचा तुकडा कापला जातो तो कोणाच्या तरी उमेदवारीसाठीच, आणि तसं नसेल तर गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय, असा त्यांचा अनुभव असावा. अर्ध्या तासात लेझरवर नमुना तयार झाला. त्यावर धावणारी बैलजोडी होती, कारण मशीनमध्ये तेच चित्र भरलेलं होतं. वरच्या बाजूला फोटोपुरता एक गोल रिकामा सोडला होता.

“ऱ्हाऊ द्या तेवढा,” गणेशभाऊ म्हणाले. “आत्ता न्हाई, पन उद्या कुनी उभं ऱ्हायलं तर?”

दुपारी जुन्नरला मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, सोबत तिखट रस्सा) आणि बाजरीची भाकरी खाल्ली. नावात मासा असून ताटात मासा नाही, ही तक्रार शेजारच्या टेबलावरचा एक पर्यटक करत होता. वाढपी त्याला शांतपणे म्हणाला, “पावणं, मासा पायजे तर धरणावर जा.”

नाणेघाटात पोहोचलो तेव्हा ऊन होतं आणि पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालं होतं. रांजण जागेवर आहे. त्याला कान नाहीत. ओठ जाड, पोट गोल. आत पावसाचं पाणी होतं आणि पाण्यावर वेफर्सची तीन रिकामी पाकिटं. आजकालचे प्रवासी देतात ती जकात ही असावी. मी फोटो घेतले आणि मुक्कामाला जुन्नरला परतलो.

रविवारी सकाळी घोडेगावला जाताना वाटेत आमच्याच मंडळाचा एक जुना डबा तपासायचा होता. उसाच्या बांधालगत मैलाच्या दगडाखाली. मी खाली बसून दगडाखाली हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ओ भाऊ! वाकू नका!”

पाण्याची मोटार बंद करायला आलेले एक शेतकरी होते. “हितं बिबट्या हाये. मानूस वाकला का त्याला शेळी वाटती. उभं ऱ्हावा.”

“मला डबा शोधायचाय.”

“मग उभ्यानं शोधा.”

ज्या तालुक्यात वाकणं धोक्याचं, तिथे वाकल्याशिवाय खेळता न येणारा खेळ आम्ही आणला होता. अहवालात ही बाब नोंदवली. डबा तपासला नाही.

जुन्नरला ज्यांचं नाव कळलं होतं त्या शेवंताबाईंचं घर घोडेगावात शोधायला उपग्रह लागला नाही. “टाकवाली मावशी” एवढं पुरलं. टाक म्हणजे देवघरात मांडायची देवाची छोटी मूर्ती, पत्र्यावर उठावात ठोकलेली. खाली काशाचा ठसा (उलटा कोरलेला साचा), वर पत्रा, त्यावर शिशाची गादी, आणि मग दाब. ओसरीत त्यांचे दीर सुदाम मोबाइलची कव्हरं विकतात. मागच्या खोलीत शेवंताबाई बसतात, आणि त्यांच्यासमोर एक हातप्रेस उभा असतो. वर आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन लोखंडी गोळे. दांडी गर्रकन फिरवली की गोळ्यांच्या वजनाने दाब बसतो.

सुदामने मला ओसरीतच गाठलं. “मशीनवरचे टाक आता मंचरला पाकिटात मिळत्यात. ही खोली मला गोडावनला पायजे. दसऱ्यापतोर मोठं काम आलं तर प्रेस ऱ्हाईल, न्हाईतर भंगारवाला ठरलाय. वैनींना माहीत हाये.”

वैनींना माहीत होतं. मी दोनशे नाण्यांचं काम सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला ठसा क्षणभर थांबला, पण तोंडातून निघाली ती हरकतच.

“दोन बाजू? देवाची पाठ दावायची आसती का? फिरवून कोन बघतंय?”

“मावशी, हा देव नाही. नाणं आहे. एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं.”

“आन् मग?”

“मग तिसऱ्या.”

“बसायचं कुठं?”

“बसायचं नाही. फिरायचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. देवाधर्माची शपथ घेऊन सांगतो, बातमीदार असताना पत्रकार परिषदांत मी मंत्र्यांना याहून सोप्या नजरेला तोंड देताना पाहिलं आहे. “तुमाला बायकामुलं हायेत ना?” त्यांनी विचारलं. हायेत, म्हणालो. “त्यांना म्हाईत हाये, तुमी हे करता?”

तरीही नमुना करायला त्या बसल्या. रांजणाचा ठसा नव्हता, कलशाचा होता. आकार जवळचा. तांब्याचा गोल पत्रा ठेवला, शिसं ठेवलं, दांडी फिरवली. एकदाच. पत्रा उचलला तेव्हा त्यावर भरलेल्या पोटाचा, जाड ओठाचा कलश होता, आणि बोट लावलं तर खरोखर फुगलेला लागत होता. परदेशातलं नाणं पिशवीतून काढून मी शेजारी ठेवलं. काढायला नको होतं असं वाटलं.

क्रमांक ठोकायला त्यांच्याकडे आकड्यांचे पंच होते. नवरा होता तोवर हंगामात साखर कारखान्यावर उसाच्या गाड्यांचे बिल्ले ठोकायला जायचा, तेव्हाचे. एक-एक आकडा सरळ बसला. मग त्यांनी टोचणी घेतली.

“घर कुठलं लिहू?”

प्रत्येक टाकाच्या पाठीवर त्या घेणाऱ्या घराचं नाव कोरतात, म्हणजे भावाभावांत वाटणी झाली की देव कोणाचा यावर भांडण नको. नाव कोरल्याशिवाय त्या वस्तू हातातून सोडत नाहीत.

“नाणेघाट लिहा.”

“घाटात कोन ऱ्हातंय?”

“मग रिकामं सोडा.”

त्यांनी टोचणी पत्र्यावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. शेवटी ती खाली ठेवली. “बरं. ज्याला घावंल त्याचं घर,” म्हणाल्या, आणि निघताना दारापर्यंत आल्या. “दसरा लांब न्हाई, भाऊ. काय ते लवकर सांगा.”

दुपारी भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो. परीक्षेचा डबा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका चहाच्या टपरीपासून पन्नास पावलांवर, रस्त्याकडेच्या दगडी भिंतीत ठेवला. आत तीन नाणी: परदेशी रांजण, नारायणगावचे बैल, घोडेगावचा कलश. सोबत सूचनेची चिठ्ठी. जागा संकेतस्थळावर टाकली आणि देवदर्शन करून वर मुक्काम केला.

सोमवारी सकाळी दाट धुक्यात भिंतीपाशी आलो तर डबा नव्हता. आमच्या खेळात नाणी जाणं अपेक्षित असतं, डबा नाही. टपरीवर चहा सांगितला. चहावाल्या बाईंनी साखर काढली ती माझ्या डब्यातून.

“डबा चांगला हाये,” मी म्हणालो.

“लई चांगला. झाकान घट्ट बसतं, मुंगी शिरत न्हाई. भिंतीत सापडला. कुनीतरी इसरलं आसंल.”

“आत काही होतं का?”

“व्हतं की.” त्यांनी स्टोव्हकडे बोट दाखवलं. स्टोव्हचा डुगडुगणारा पाय आता स्थिर होता. खाली परदेशी नाणं होतं, दोन कानांसकट. “जाड हाये, बराबर बसलं. दुसरं बैलाचं व्हतं, ते आमच्या ह्यांनी जीपच्या चावीला लावलं. रोज मंचरला सीटा घेऊन जात्यात.”

“आणि तिसरं?”

टपरीच्या कोपऱ्यात फळीवर देवांच्या तसबिरी होत्या, त्यांच्यापुढे तांदळाच्या मुठीवर कलश बसला होता. हळद लागली होती, कुंकू लागलं होतं, ताजी सोनकी वाहिलेली होती.

मी खेळ समजावून सांगितला. नियमही सांगितला: ठेवून घ्यायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“डबा पायजे तर न्या. बैलाचं ह्यांना मागा. पन ह्यो मी न्हाई द्यायची,” त्या म्हणाल्या. “देव डब्यात कोंडून भिंतीत ठिवायचा, ही कुठली रीत काढली, पावणं? पाठीवर नाव बी न्हाई. बेवारस.”

मी चहा संपवला. डबाही ठेवा म्हणालो.

मंगळवारच्या बैठकीत अहवाल वाचला. बातमीदारीत पस्तीस वर्षं गेली, तेव्हा जे घडलं ते क्रमाने लिहिलं. घोडेगावचं काम सर्वात उत्तम, त्यांनाच द्यावं, अशी शिफारस केली. त्याच्या वरच्या ओळीत हेही लिहिलं की त्यांचं नाणं सापडलेल्या बाईंनी ठेवून घेतलं. ती ओळ गाळता आली असती. शेवंताबाईंचं अख्खं काम त्या ओळीवर अडलं आहे, हे लिहितानाच मला दिसत होतं. अचूकपणाच्या सवयीने मी ती ठेवली.

अध्यक्षांनी तेवढीच ओळ मोठ्याने वाचली. “म्हणजे फिरत नाही.” फिरणारं नाणं बैलांचं, रोज मंचर-भीमाशंकर, पण बैल मंडळाला शोभत नाहीत असं ठरलं. काम परदेशात गेलं, घोडेगावला मी तसा निरोप धाडला. स्टोव्हच्या पायाचा उल्लेख इतिवृत्तात नाही. रांजणाचे कान मात्र काढायला सांगितले.

नाणी आली, सुबक. प्रत्येक सभासदाला मखमली डबीत दिली, लगेच सोडायच्या अटीवर. दसरा झाल्यावर संकेतस्थळ उघडलं. दोनशेपैकी एकही पुण्याबाहेर नव्हतं. अध्यक्षांचं दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे, ‘पावसाळा नीट संपू दे’ म्हणून. पुतण्याचं गाडीच्या डॅशबोर्डवर. माझं माझ्या टेबलाच्या खणात आहे. आम्ही सगळ्यांनी त्या चहावाल्या बाईंसारखंच केलं होतं, फक्त हळदकुंकू लावलं नव्हतं.

त्या दिवशी घोडेगावला फोन केला. तो सुदामने उचलला. प्रेस गेला, दोन्ही गोळे वेगळे काढून. ठसे वैनींनी दिले नाहीत, पेटीत भरून पेटीवरच बसल्या होत्या. मग फोन शेवंताबाईंकडे गेला. मी काय बोलावं ते ठरवलं होतं, पण त्यांनी आधी विचारलं.

“फिरतंय का वो तुमचं नाणं?”

“नाही, मावशी. सगळ्यांनी ठेवून घेतलं.”

पलीकडे सुदामच्या गिऱ्हाइकाचा आवाज येत होता, कुठल्याशा कव्हराचा रंग विचारणारा.

“मग आमचंच घ्यायचं व्हतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “बसून तरी देखणं दिसलं आसतं.”