कॉर्नर घेईपर्यंत थांब

मी थांबवलं नसतं तर शिरीष आज कदाचित असता.

त्याला जाऊन वर्ष झालं. कालपर्यंत हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीमला जगात दोनच फॅन होते. शिरीष आणि मी.
त्याची मुलगी ईरा त्या टीममधून खेळायची. ती पास होऊन गेली. आम्ही नापास झाल्यासारखे दर बुधवारी दुपारी तिथेच.

टीमचा अटॅक म्हणजे निष्काम कर्म. गोलची अपेक्षाच नाही. बॉल पुढे न्यायचा, घाबरायचं, परत गोलकीपरकडे द्यायचा.
कोच स्थितप्रज्ञ. शून्य-चार असो, शून्य-सहा असो, हात खिशात. "कीप द शेप, गर्ल्स."

"शेप कसला ठेवतोय," शिरीष म्हणायचा. "रांगोळी आहे का ती?"
"हळू बोल, कळेल त्याला."
"मराठी कळत असती तर एव्हाना सुधारला असता."

आमचा नियम एकच. आपला अटॅक चालू असताना जागा सोडायची नाही. लहानपणी क्रिकेट बघताना लागलेली खोड. कुणी उठला की विकेट. संस्कृत शिकलेला माणूस अंधश्रद्ध नसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला भेटावं.

त्या बुधवारी आपल्याला कॉर्नर मिळाला.

शिरीष म्हणाला, "अरे, घाम फुटलाय. गाडीत जाऊन बसतो जरा."
थंडी एवढी की मी हातमोजे घातले होते. तरी मला काही कळलं नाही.
"थांब रे. कॉर्नर घेईपर्यंत थांब. महिन्यातला पहिला आहे."
"तुझ्या त्या कॉर्नरच्या..." म्हणाला, आणि थांबला.

कॉर्नर घेतला. तिथून बॉल मागे, आणखी मागे, थेट आपल्याच गोलकीपरकडे.

शिरीष गुडघ्यांवर बसला. असा तो दर आठवड्याला बसायचा, डोकं धरून.

मी हसलो.

मग तो आडवा झाला.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तिथली बाई विचारत होती, श्वास चालू आहे का. मला बघायची भीती वाटत होती. मित्राच्या तोंडाशी कान न्यायची भीती.

कोच अख्खं मैदान ओलांडून धावत आला. मला बाजूला केलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत छाती दाबत राहिला. एकदाही न थांबता.

हॉस्पिटलमध्ये मी वैशालीवहिनींना सांगितलं, "अचानक गेला. काही बोललाच नाही."

पुढे माझ्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, आडून विचारलं, माणूस दहा मिनिटं आधी निघाला असता तर? ती म्हणाली, सांगता येत नाही.
तेव्हापासून झोपेची काही खात्री नाही.

काल वहिनींकडे गेलो. बेल न वाजवता दोनदा फाटकापर्यंत परत आलो. मग सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता दार दाखवतील.

"भावोजी, त्याला सकाळपासूनच बरं नव्हतं. झोपतो म्हणत होता. मीच म्हटलं, घरात कुढत बसू नकोस, मॅच बघून ये."

हे सगळं लिहून काढायचंय मला, एवढंच मी म्हणालो.

"तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या. "माझंही लिहा. फक्त आधी मला ईराला सांगू दे."

आज सकाळी त्यांचा मेसेज आला: सांगितलं.
ती काय म्हणाली, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

शिरीष, तुझ्यावर जीव होता रे. आहे.
माफ कर. नीट जा.