टॅक्सीतात्यांची हत्यारं

टॅक्सीतात्या कुणाला "कसा हायस?" असं कधी विचारत नसत. "कुठं जायचाय?" हाच त्यांचा रामराम. उभी हयात मुंबईत टॅक्सी चालवली, त्यामुळे समोर उभ्या असलेल्या माणसाला कुठंतरी पोचवायचं असतंच, अशी त्यांची खात्री होऊन बसली होती. एकदा मयताला आलेल्या पाहुण्यालासुद्धा त्यांनी तेच विचारलं. पाहुणा गांगरला, आणि आम्हाला तिथे हसू आवरणं कठीण झालं.

मुंबईत गाडीची मुदत संपली तेव्हा तात्यांनी ती भंगारात घातली नाही. आपल्याबरोबर गावी आणली. कुडपणच्या वाटेवर, तांबड्या धुळीत ती काळीपिवळी उभी असली की नवखा माणूस दोनदा बघायचा. वाडीत कुणाला ताप भरला, कुणाचा पाय मोडला, की तीच गाडी घाट उतरून पोलादपूरला, फारच झालं तर महाडला जायची. आजारी माणसालाही तात्यांचा ओरडा मात्र चुकत नसे. "दार हळू लाव गो! फ्रीज नाय हा!"

गाडीचं सगळं काम ते स्वतः करत. पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं रॉकेलच्या फडक्याने पुसून डिकीतल्या किरमिजी पिशवीत. पुसता पुसता म्हणायचे, "पोरं मुंबईला ऱ्हायली, ही हत्यारं तेवढी माज्याबरोबर आली." काकी, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "माज्यापेक्षा त्या पान्यांनाच जास्त जपतात." मग तात्यांचं फडकं जरा जोरात फिरे.

खंडेनवमीला तर विचारायलाच नको. आमच्याकडे त्या दिवशी लोखंडाला विश्रांती. कोयता, कुदळ पूजेला बसते. काही घरांत विळीसुद्धा बसते, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. तात्या डिकीतली पिशवी रिकामी करून सगळी हत्यारं पाटावर मांडत, हळदकुंकू लावत, झेंडू वाहत. दसऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. यात त्यांनी कधी सूट घेतली नव्हती.

त्या वर्षी पूजा झाल्यावर तात्या गाडी पुसत होते. मी शेजारीच राहतो, तसाच गप्पा मारायला गेलो. पायाने पेडल दाबून ते म्हणाले, "खरखरतंय रे." वाकून पाहिलं, तर पेडलपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रेसच्या केबलच्या बारीक तारांचे पीळ पेडलजवळ सुटायला लागले होते. नवी केबल सीटखाली पडलेलीच होती. मी म्हटलं, बसवून टाका, कितीसा वेळ लागणार. तात्यांनी पाटाकडे पाहिलं. "आता हत्यारं बसली. उद्या सकाळी करतो. गाडी काय पळून जात नाय."

दुपारी काकीच्या छातीत कळ आली. घामाने लुगडं भिजलं. रुग्णवाहिकेला फोन केला. ती निघाली होती, पण घाट चढून वर यायला वेळ लागणार होता. तात्या म्हणाले, "आपणच खाली नेऊ, वाटेत गाठू." मी मागे बसलो, काकीचं डोकं मांडीवर घेऊन. उतारावर गाडी नीट आली. मग मध्ये एक लहानसा चढ लागतो, तिथे तात्यांचा पाय एकदम खाली गेला. केबल तुटली होती.

त्यांनी बॉनेट उघडलं. सीटखालून नवी केबल काढली. डिकी उघडली आणि रिकामी पिशवी हातात घेऊन तसेच उभे राहिले. "हत्यारं पाटावर हायत," असं ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. मग बोटांनी नट फिरवायला लागले. नखातून रक्त आलं, नट हलला नाही. सणाचा दिवस, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मोबाइलला तिथे रेंज नाही. शेवटी त्यांनी खांद्यावरचा पंचा फाडला, पट्टी तुटक्या केबलच्या जागी कार्बुरेटरला बांधली, खिडकीतून आत घेतली आणि एका हाताने ती ओढत गाडी चढवली. तोवर काकीने घट्ट धरलेला माझा हात सोडला होता. मी ते तात्यांना सांगितलं नाही. पुढच्याच वळणावर रुग्णवाहिका समोरून आली.

लोक समजूत घालायला आले. देवाची मर्जी, म्हणाले. एवढे देवभक्त तात्या ताडकन म्हणाले, "देवाला मधी आणू नका. पाना मी घरी ठेवला."

तात्या आता नाहीत. मुलाने त्यांना मुंबईला नेलं आणि वर्षाच्या आत ते गेले. मला ते आठवतात ते काकीचं तेरावं उरकल्यानंतरच्या सकाळचे. गाडी भंगारवाल्याला द्यायचं मुलांनी ठरवलं होतं. तात्यांनी विरोध केला नाही. "तुटकी नाय द्यायची," एवढंच म्हणाले आणि पिशवी घेऊन अंगणात गेले.

सुनेने चहाचा पेला मडगार्डवर आणून ठेवला. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. नट सैल केला, तुटलेली तार ओढून काढली, नवी केबल आत सरकवली, पेडलला अडकवली. मला आत बसवलं. "दाब. सोड. परत दाब." इंजिन चढलं, उतरलं, कुठे अडकलं नाही. तात्यांनी नट शेवटचा आवळला, हात पुसले आणि सवयीने पेला उचलला.

एक घोट घेतला आणि ते थांबले. पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चहा अजून गरम हाय रे," ते म्हणाले, आणि तिथेच चाकाला टेकून खाली बसले.