टब काढायचा होता

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं मिळून न्हाणीतला टब रिकामा केला. ती काठावर बसून मगानं पाणी उपसायची, मी बादल्या भरून न्यायचो. घरातलं एक भांडं सोडलं नाही. हंडे, गंज, कुकर, चहाचं पातेलंसुद्धा. शेवटी मी म्हटलं, "आता राहू दे वं, उरलेलं जाऊ दे मोरीत."

तर म्हणे, "आठ दिसानं नळ येते अन् तुमी पाणी मोरीत सोडता? लाज नाई वाटत?"

मग मी परात आणली. तळाशी वाटीभर राहिलं होतं, ते तिनं फडक्यानं टिपून तुळशीत पिळलं.

सकाळी ठेकेदार टब फोडायला येणार होता. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेली, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत.

हा टब म्हणजे पोराची हौस. पोरगा पुण्यात नोकरीला. अकोल्यात आमचं घर बांधलं तेव्हा त्यानं सांगितलं, न्हाणीत टब पाहिजे. मी म्हटलं, कावून बाबा? म्हणे, आजकाल साऱ्यांकडे असते. मी चौथी शिकलेला, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. आमच्यातल्या कोणाकडे मी टब पाहिला नव्हता. पण लागला टब. त्यात आजपर्यंत कोणी अंग बुडवलं नाही. जिथं आठवड्यानं नळ येतो तिथं एवढं मोठं भांडं मिळाल्यावर माणूस त्यात बसेल का पाणी भरेल? आम्ही पाणी भरलं. टबाचं टाकं झालं, आणि अंग धुवायला टब आणि भिंत यांच्या मधली हातभर पट्टी उरली.

गुडघे धड होते तोवर चाललं. मग तिला खाली बसता येईना, आणि त्या पट्टीत खुर्ची मावेना. एकदा घसरली. तेव्हापासून मी एका हातानं तिला धरायचो, दुसऱ्यानं पाणी घालायचो. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. एक शब्द बोलायची नाही. एवढी बोलणारी बाई.

एक दिवस म्हणाली, "मले दार लावून एकटीनं आंग धुवाचं हाय. थो टब काढा. वरतून फवारा लावा, खाली खुर्ची ठेवा. बाकी काई नाई मांगत तुमाले."

साडी असो का दागिना, तिनं आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून ठेकेदार शोधला.

ठेकेदार बोलायला गोड. मला चाचा म्हणायचा, तिला चाची. "दो दिन का काम है चाचा, तिसऱ्या दिवशी चाची फवाऱ्याखाली." असं म्हणून गेला तो गेलाच. ते दिवस असे, की कापसाला भाव नव्हता, खेड्यातली बांधकामं बंद पडली होती. आमची जिनिंगही अर्धी बंद होती. तिकडचे सारे मिस्त्री कामासाठी अकोल्यात येऊन बसलेले. चौकात सकाळी उभे राहायला जागा नसायची. पण माझ्या घरी त्यातला एक येईना. विचारलं तर म्हणे, "मिस्त्री गावले गेला, त्याच्या घरी पेरणी हाय." दुबार पेरणीच्या वेळीही पेरणीच. पाऊस नसला तरी पेरणीच.

आणि यायचा तेव्हा नळ नुकताच येऊन गेलेला असायचा. टब काठोकाठ भरलेला. तो म्हणायचा, "खाली करा, आत्ता फोडतो." ही दारात आडवी उभी राहायची. "पाणी फेकू देणार नाई." मग पाणी वापरून संपवायचं. संपलं की मी फोन करायचो, तर हा अमरावतीला. लग्नाला, नाहीतर मयतीला. तो येईपर्यंत पुन्हा नळ. मी दोघांच्या मधात वेडा झालो होतो. तिला म्हटलं, "तुले टब काढाचा हाय का पाणी साठवाचं हाय?" म्हणे, "दोनी." शेवटी ठेकेदारानं दिवस पक्का केला, तेव्हा तिनं पाणी भांड्यात काढायचा तोडगा शोधला.

आणि त्या दिवशी तो आला. बरोबर आठला, दोन माणसं आणि घण घेऊन. कधी नाही तो वेळेवर. दारात गर्दी पाहून त्यानं घण भिंतीला टेकवून ठेवला. तो बांबू आणायला गेला. खांदाही दिला.

तेरवी झाली. पोरगा म्हणाला, "बाबा, आता राहू द्या तो टब. तुम्ही एकटेच आहात, पाण्याच्या कामी येईल."

मी म्हटलं, "तुह्या मायनं काढाले सांगतला हाय."

"पण आता कोणासाठी?"

मी ठेकेदाराला फोन लावला.

पोरगा आणि सून पुण्याला जायच्या दिवशी पहाटे नळ आला आणि सुनेनं टब पुन्हा काठोकाठ भरून ठेवला. मोठ्या मायेनं भरला, सासऱ्याला पुरावं म्हणून. तिला काय बोलणार. ठेकेदार आला, टब पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "झरा हाय का चाचा तुमच्या घरी?" ते पाणी माझ्यानं मोरीत सोडवेना. गोधड्या धुतल्या, ओटा धुतला, शेजारच्या बाईला बोलावून बादल्या दिल्या. ती रडायला लागली, तिला वाटलं मी घर सोडून चाललो.

शेवटी फुटला टब. दोन दिवसांचं काम पंधरवडाभर चाललं. फरशी आणली ती गुळगुळीत, मी परत पाठवली. फवारा आणला तो वाकडा. रोज भांडण. खरं सांगतो, भांडायला कोणी आहे याचं बरं वाटायचं.

भिंतीला धरायची दांडी लावायची होती. ठेकेदार म्हणाला, "कुठी लावू?" मी हात टेकवून दाखवला. तो खूण करायला लागला तेव्हा लक्षात आलं, बायको माझ्या खांद्याला लागायची. मी हात खाली घेतला.

"इतकी खाली? वाकाव लागन तुमाले चाचा."

"लाव तिथंच."

त्यानं पाहिलं आणि लावली तिथंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूक शोधायला न्हाणीत गेलो. चारी कोपऱ्यांत पाणी टाकलं, सारं जाळीकडे गेलं. दांडी हलवून पाहिली, हलली नाही. खुर्ची ठेवली, ती मावली, वर बाजूला जागा उरली. दार लावून बसलो आणि अंग धुतलं. काम चांगलं झालं होतं. मला त्याचाच राग आला. एवढं सोपं होतं.

कपडे घालून सरळ ठेकेदाराच्या घरी गेलो. तो तोंडात ब्रश धरून बाहेर आला, मला पाहून घाबरला.

"काय झालं चाचा? लीक हून राह्यलं का?"

"नाई."

"फवारा?"

"बराबर हाय. सारं बराबर हाय. तेच सांगाले आलो."

त्यानं तोंड धुतलं, खुर्ची ओढून दिली, आत चहाचं सांगितलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो कोणाला तरी समजावत होता, मिस्त्री गावाला गेला आहे, त्याच्या घरी पेरणी आहे. मी बसून ऐकत राहिलो.