भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ

मैत्रिणींनो, शाळेच्या सहलीला घाटातलं वळण आलं की सुशी ड्रायव्हरकाकांवर ओरडायची, "पुढे बघा हो!" आठवतंय?

आज सकाळी सुशीबरोबर मोखाड्याहून जव्हारला येताना जीपच्या स्क्रीनवर लावायला मीच पेनड्राइव्ह दिला. सुशीच्या भाचीच्या लग्नातला तारपा नाच होता. चालकही त्या लग्नात होता. "बाय, ह्यो बघ, मीच नाचतोय!" म्हणत तो स्क्रीनकडे वळला. या वेळी सुशीही तिकडेच बघून हसत होती. जीप दरडीवर आदळली. पुढे बसलेली सुशी जागीच गेली.

हवालदार म्हणाले, "मॅडम, चालू गाडीत चालकासमोर व्हिडिओ लावायला बंदी आहे." मला ते ठाऊक होतं.

शालू, सुशीने तुझ्यासाठी आणलेली नागली, म्हणजे नाचणी, माझ्याकडे आहे, घेऊन जा. तिचा चष्मा तिच्या लेकीला दे. पेनड्राइव्ह माझ्याकडेच राहील. तो कुणी मागू नका.