ताऊंची तिरकी भिंत

मंडळी, आज एक दगडी घर वाचवलं. छाती जरा फुगली आहे, सांभाळून घ्या.

गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीमागे जुनं गाव आहे. ज्यांच्या शेतावर आमचे टॉवर उभे राहिले, त्या ताऊंचं (इकडे थोरल्या काकांना ताऊ म्हणतात) तिथे त्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर आहे. भिंत बाहेरून तिरकी दिसते, म्हणून त्यांच्या मुलाने, सतबीरने, घर पाडायला उद्यासाठी जेसीबी सांगून ठेवला होता. ताऊ सकाळपासून त्याच भिंतीला टेकून बसले होते.

मी नोकरीने अकाउंट्सवाला. जुनी घरं मोजायला माझा मीच शिकलो. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, घेऊन गेलो.

सतबीर म्हणाला, "अंकल, बच्चे सोते हैं अंदर. गिर गई तो?" प्रश्न रास्तच होता.

मी ओळंबा आधी आतल्या बाजूने सोडला. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला अगदी समांतर. मग बाहेरून सोडला, तर तिथे उतार. म्हणजे भिंत कललेली नव्हतीच. ती तळाशी जाड ठेवून वर मुद्दाम निमुळती केली होती, भार नीट पेलावा म्हणून. खात्रीसाठी उरलेल्या तीनही भिंती तपासल्या. तेच निघालं. भेगही कुठे नाही.

ताऊ सतबीरकडे बघून हसले. "छोरे, तेरा पड़दादा बावला ना था."

सतबीरने तिथेच फोन लावला, "भाई, कल मशीन मत लाइयो."

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. तुमच्या गावी धोकादायक म्हणून जे दगडी घर पाडलं, ते पाडण्याआधी कुणी मोजून पाहिलं होतं का?